आनंदीबाईंच्या शिक्षणाचा जमाखर्च

ओमान देशाची राजधानी मस्कत. तिथे समुद्रकाठाने विमानतळाच्या दिशेने निघालो की अझैबा नावाची वस्ती लागते. पांढऱ्या रंगाची घरे, रस्त्याकडेला खजुरीची झाडे, संध्याकाळी समुद्राकडून येणारा दमट वारा. आपल्या मॉरिशसची आठवण व्हावी असा समुद्र, मात्र उसाचे एक पानही दिसायचे नाही. माझा पुतण्या नोकरीनिमित्त तिथे राहतो. गेल्या उन्हाळ्यात त्याच्याकडे पंधरा दिवस मुक्काम होता, तेव्हा घरात एकच विषय चालू होता. त्याच्या मुलीची, म्हणजे माझ्या नातीची, बारावी पुढच्या वर्षी होणार आणि तिला शिकायला अमेरिकेला जायचे आहे.

पोरीने संगणकावर एक लांबलचक तक्ता केला होता. एका रकान्यात विद्यापीठाचे नाव, पुढे फी, राहण्याचा खर्च, जेवणाचा खर्च आणि मिळाली तर मिळणारी शिष्यवृत्ती. सगळ्यांत स्वस्त ते वर, सगळ्यांत महाग ते खाली. वरच्या ओळीत नॉर्थ डकोटा राज्यातले एक सरकारी विद्यापीठ होते. अगदी तळाच्या ओळींतली खासगी कॉलेजे राहण्याजेवणासह वर्षाला ऐंशी हजार डॉलरच्याही वर जात होती. तो आकडा पाहून पुतण्याने चष्मा काढून ठेवला. मी तिला विचारले की नॉर्थ डकोटात थंडी किती असते. ते तिच्या तक्त्यात नव्हते. जन्मापासून मस्कतच्या उन्हात वाढलेल्या त्या मुलीकडे जाड कोटही नव्हता.

तेव्हा मला आनंदीबाई जोशींची आठवण झाली. त्यांचे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेले असते. मराठी शिकणाऱ्या मुलांना त्यांच्यावर एक धडा असतो: लहानपणी लग्न झाले, नवऱ्याने शिकवले, अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाल्या, लवकर वारल्या. पण अठरा वर्षांच्या त्या मुलीने कॉलेज शोधले कसे, पैसे कुणी दिले, कुठल्या अटीवर दिले आणि खर्चाच्या कोणत्या बाबी कुणाच्याच हिशेबात आल्या नाहीत, हे धड्यात नसते. आज तेच सांगायचे आहे.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा, कल्याणच्या जोशी घराण्यातला. माहेरचे नाव यमुना. घराणे एकेकाळी जमीनजुमल्याचे, पण वैभव ओसरलेले. नवव्या वर्षी त्यांचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. गोपाळराव टपाल खात्यात कारकून होते, बिजवर होते आणि वयाने बायकोपेक्षा जवळजवळ वीस वर्षांनी मोठे होते. बायकोला शिकवायचे हा त्यांचा ध्यास होता. लग्नानंतर नाव ठेवले आनंदी.

गोपाळरावांविषयी दोन शब्द सांगायलाच हवेत. ज्या काळात नवऱ्याने बायकोशी चारचौघांत बोलणेही वाईट समजले जाई, त्या काळात या माणसाने तिला घेऊन रस्त्याने फिरायला जावे आणि घरी इंग्रजी शिकवावे, ही मोठीच गोष्ट होती. त्याबद्दल त्यांचे श्रेय कुणी काढून घेऊ नये. पण ते तापट होते आणि हात उचलत. आनंदीबाईंनी पुढे अमेरिकेतून त्यांना लिहिलेल्या एका पत्रात लहान वयात खाल्लेल्या माराची आठवण स्पष्ट शब्दांत करून दिली आहे. आपल्याकडच्या व्याख्यानांत हा भाग बहुधा गाळला जातो. मला वाटते, तो गाळला तर आनंदीबाईंनी जे केले त्याचे खरे मोल कळत नाही. शिकवणारा आणि मारणारा हात एकच होता, आणि त्यातूनही त्या शिक्षणाला धरून राहिल्या.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला. दहा दिवसांत तो गेला. वेळेवर वैद्यकीय मदत मिळाली नाही. घरात पुरुष डॉक्टर येणे म्हणजे संकट, आणि बाई डॉक्टर तर देशात जवळजवळ नव्हतीच. आपण डॉक्टर व्हायचे हे त्यांच्या मनाने तिथून घेतले, असे त्यांचे चरित्रकार मानतात.

आता कॉलेजच्या शोधाकडे वळू. गोपाळरावांच्या बदल्या होत राहिल्या: अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, पुढे कलकत्ता. कोल्हापुरात असताना तिथल्या अमेरिकन मिशनऱ्यांशी त्यांची ओळख झाली. गोपाळरावांनी पत्र लिहून विचारले की बायकोला शिकायला अमेरिकेला आणायचे आहे, तर तिथे मला काही नोकरी मिळेल का. पूर्वी कोल्हापूरला मिशनचे काम केलेले वाइल्डर नावाचे पाद्री तेव्हा अमेरिकेत प्रिन्स्टन गावी राहून मिशनचे एक मासिक चालवत. त्यांनी हे पत्र आपल्या उत्तरासह मासिकात छापले. उत्तराचा मथितार्थ असा की आधी ख्रिस्ती धर्म स्वीकारावा, मग मदतीचे पाहू.

पैसा होता, पण त्याच्याबरोबर अट होती. ती अट जोशी पतिपत्नींनी मान्य केली नाही आणि तो दरवाजा तिथेच बंद झाला.

पण छापलेला कागद कुणाच्या हाती पडेल हे सांगता येत नाही. न्यू जर्सी राज्यातल्या रोझेल या गावी थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई राहत. १८८० साली त्या दातांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. आपला नंबर येईपर्यंत तिथे पडलेले जुने मासिक त्यांनी चाळले आणि त्यात त्यांना हे पत्र दिसले. एका परक्या देशातला नवरा आपल्या बायकोच्या शिक्षणासाठी धडपडतो आहे, हे वाचून त्यांना राहवले नाही. त्यांनी सरळ आनंदीबाईंना पत्र घातले. इकडून उत्तर गेले. मग वर्षानुवर्षे पत्रे जात येत राहिली. फुलांविषयी, सणांविषयी, बालविवाहाविषयी, धर्माविषयी. दोघींनी एकमेकींना पाहिलेले नव्हते, पण आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. मावशीने धर्म बदलण्याची अट घातली नाही. अमेरिकेला आलीस तर माझ्या घरी राहा, एवढेच सांगितले.

आजची मुले विद्यापीठांची नावे शोधतात आणि फीचे आकडे जुळवतात. ते करावेच लागते. पण आनंदीबाईंना अमेरिकेत सर्वांत आधी मिळाले ते हे घर.

कलकत्त्यात आनंदीबाईंची तब्येत बिघडू लागली. डोके दुखायचे, ताप यायचा, दम लागायचा. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधे पाठवली, पण गुण आला नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढे फिलाडेल्फियात जे झाले त्याची सुरुवात इथेच होती. कलकत्त्यातल्याच थॉर्बर्न नावाच्या डॉक्टर दांपत्याने त्यांना कॉलेजचे नाव सुचवले: पेनसिल्व्हेनियाचे विमेन्स मेडिकल कॉलेज, गाव फिलाडेल्फिया. १८५० साली स्थापन झालेले हे कॉलेज खास बायकांना डॉक्टर करण्यासाठीच काढलेले होते.

इथे कुणी विचारील की हिंदुस्थानात सोय नव्हती का. मद्रासच्या मेडिकल कॉलेजात १८७५ पासून बायकांना घेत होते. बाकी ठिकाणी सुईणीच्या कामाचे वर्ग होते. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजचे दार तेव्हा बायकांना अजून उघडलेले नव्हते. आनंदीबाईंचे म्हणणे असे होते की इथे शिकवणारे जुन्या मताचे आहेत, बायकांनी शिकावे हे त्यांना मनापासून रुचत नाही, आणि मिळणारे शिक्षण अपुरे आहे. हे सगळे त्यांनी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात जाहीरपणे सांगितले. आपल्या नगर जिल्ह्यातले श्रीरामपूर नव्हे, कलकत्त्याजवळचे, जिथे गोपाळरावांची बदली झाली होती.

ते भाषण इंग्रजीत होते आणि बोलणारी बाई अजून अठरा वर्षांचीही झालेली नव्हती. लोक जे प्रश्न विचारत होते तेच त्यांनी एकेक करून घेतले. अमेरिकेलाच का, इथे का नाही, एकटीच का, परत आल्यावर जातीबाहेर टाकले तर काय, परदेशात काही संकट आले तर काय, आणि कुठल्याही बाईने आजवर केले नाही ते तूच का करतेस. प्रत्येकाला त्यांनी शांतपणे उत्तर दिले. शेवटी हेही सांगितले की मी हिंदू म्हणून जाते आहे आणि हिंदू म्हणूनच परत येऊन आपल्या लोकांत राहणार आहे.

समुद्र ओलांडण्याची ही भीती आपल्या घराण्यांना काही नवीन नाही. आपले पणजोबा-खापरपणजोबा कोकणातून मुंबईला आले आणि बोटीत बसून मॉरिशसला उतरले, त्यालाही तेव्हा थोडीच वर्षे झाली होती. त्यांना गावात कुणी सभा घेऊन प्रश्न विचारले नाहीत. करारावर अंगठा घेतला आणि बोटीत चढवले. आनंदीबाईंच्या नशिबी निदान उत्तर देण्याची संधी होती, आणि ती त्यांनी पुरेपूर वापरली.

भाषणाची बातमी वर्तमानपत्रांतून पसरली आणि थोडीफार मदत येऊ लागली. व्हाइसरॉयकडून दोनशे रुपये आले. पण प्रवासाचा मोठा भार घरच्याच सोन्याने उचलला. माहेरून मिळालेल्या सोन्याच्या बांगड्या विकल्या गेल्या. त्या काळात बाईच्या अंगावरचे सोने हीच तिची शिल्लक असे, आणि आनंदीबाईंनी ती पहिल्याच फटक्यात मोडली.

७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोट सुटली. गोपाळराव सोबत गेले नाहीत. दोघांचे भाडे परवडण्यासारखे नव्हते आणि नोकरीही सोडता येत नव्हती. सोबतीला मिशनच्या काही बायका होत्या, पण त्यांची सोबत सुखाची झाली नाही. खाण्यापिण्याचेही हाल झाले. शाकाहारी माणसाला त्या बोटीवर खाण्यासारखे फारसे काही नव्हते. जवळजवळ दोन महिन्यांनी, ४ जूनला, न्यूयॉर्कच्या धक्क्यावर कार्पेंटरमावशी उभ्या होत्या. पत्रांतून ओळखलेली भाची त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

उन्हाळा रोझेलला गेला. अजून कॉलेजचा प्रवेश ठरलेला नव्हता, हे ध्यानात घ्या. बाई घर सोडून, बांगड्या विकून, अर्धे जग ओलांडून आली होती आणि हातात प्रवेशाचा कागद नव्हता. आज असे करता येत नाही. आज विद्यापीठ प्रवेश देते, पहिल्या वर्षाच्या खर्चाची सोय असल्याचा पुरावा मागते, तेव्हा आय-२० नावाचा कागद मिळतो, आणि तो घेऊन व्हिसासाठी उभे राहायचे. क्रम अगदी उलटा झाला आहे.

जूनच्या अखेरीस आनंदीबाईंनी कॉलेजला आपल्या हाताने अर्ज लिहिला. त्या संस्थेचा वारसा आज फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आहे आणि तिथल्या संग्रहात हे पत्र जपून ठेवलेले आहे. परदेशी जायला निघालेल्या प्रत्येक मुलाने ते एकदा वाचावे. कारण त्यात फुशारकी नाही आणि रडगाणेही नाही. आपले वय किती, शिक्षण काय झाले आहे, कोणत्या भाषा येतात, हे सांगितले आहे. प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण पुऱ्या करू शकू अशी खात्री नाही, हे लपवलेले नाही. मग आपण का आलो ते लिहिले आहे. आपल्या देशात कितीतरी बाया पुरुष डॉक्टरकडून तपासून घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी आपल्याला शिकायचे आहे. आणि आप्तांचा व जातीचा एवढा विरोध असूनही जो निश्चय आपल्याला इथवर घेऊन आला, त्याची दखल घेऊन अटी थोड्या सैल कराव्यात, असे सुचवले आहे.

कॉलेजच्या डीन रेचेल बॉडले या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका. प्रवेश तर मिळालाच, शिवाय तीन वर्षांच्या शिक्षणासाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्ती मिळाली. म्हणजे वर्षाला दोनशे डॉलर. त्या वेळच्या भावाने तिन्ही वर्षांचे मिळून साधारण दीड हजार रुपये होतात. टपाल कारकुनाच्या घरात ही रक्कम शिल्लक पडायला किती वर्षे गेली असती, हे सांगायला नको.

ओळखीच्या कुणाला शंका असेल की तेव्हा एकुलती एक हिंदी मुलगी म्हणून कौतुकाने पैसे मिळाले, आता कोण देतो. शंका खोटी नाही. आज परदेशी विद्यार्थ्याला अमेरिकन सरकारची मदत सहसा मिळत नाही. पण कॉलेजे स्वतःच्या निधीतून देतात. काही थोडी गुणांवर देतात, काही गरज पाहून देतात, केंटकी राज्यातल्या बेरिया कॉलेजसारखे एखादे शिकवण्याची फीच घेत नाही. कुणी आधी दोन वर्षे गावच्या स्वस्त कम्युनिटी कॉलेजात काढतो आणि मग मोठ्या विद्यापीठात जातो. मात्र हे पैसे आपोआप येत नाहीत. प्रत्येक ठिकाणी विचारावे लागते, आणि तिथल्या माणसाला आपण कोण हे कळेल असे लिहावे लागते. छापील अर्ज सगळेच भरतात.

अटींचाही विचार असाच करावा. आनंदीबाईंनंतर तीस वर्षांनी, १९१३ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षे. परत येऊन दहा वर्षे बडोदा संस्थानची चाकरी करायची असा करार होता. त्यातले पैसे ते पोटाला चिमटा घेऊन वाचवत, घरी पाठवत आणि उरलेल्यातून जुनी पुस्तके घेत. पुढे त्या करारापायी बडोद्यात राहायला गेले तर जातीमुळे त्यांना राहायला घर मिळेना. तो इतिहास मोठा आहे, इथे त्याची नुसती आठवण पुरे. पैसे देणारा हात कुणाचा आणि बदल्यात काय मागतो, हे दोघांनाही नीट पाहावे लागले.

ऑक्टोबर १८८३ मध्ये फिलाडेल्फियात वर्ग सुरू झाले. फीचा प्रश्न सुटला होता. आता ज्या खर्चाचा हिशेब कुणी केलाच नव्हता तो सुरू झाला.

पहिली बाब थंडी. कल्याणच्या आणि कलकत्त्याच्या हवेत वाढलेली मुलगी, अंगावर नऊवारी साडी. पोटऱ्या उघड्या राहतात म्हणून शेवटी त्यांनी नऊवारी सोडून गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. साहेबी पोशाख घालणार नाही हे त्यांनी घरून निघतानाच ठरवले होते. त्यांना राहायला मिळालेल्या खोलीतली शेकोटी नीट पेटत नसे. पेटवली तर खोलीभर धूर, विझवली तर अंग गोठते. आधीच दम्यासारखा त्रास असलेल्या छातीला तो धूर काय करीत असेल, याचा विचार करा.

दुसरी बाब जेवण. त्या मांसाहार करत नव्हत्या आणि परक्याच्या हातचे सहसा खात नव्हत्या. दिवसभर वर्ग आणि शवविच्छेदन, रात्री अभ्यास, आणि मधल्या वेळेत स्वतःचा स्वयंपाक स्वतः करायचा. पुष्कळ वेळा तो होतच नसे. मी काही डॉक्टर नाही, पण अर्धपोटी, धुराच्या खोलीत, तीन हिवाळे काढल्यावर जे व्हायचे ते झाले. त्यांची प्रकृती ढासळत गेली आणि पुढे क्षयाने त्यांना धरले. बॉडलेबाईंनी आपल्या परीने फार केले, मुलीसारखे पाहिले. सुटी लागली की रोझेलला मावशीचे घर होतेच. पण रोजचे दिवस फिलाडेल्फियातच काढायचे होते.

तिसरी बाब टपालाने येई. गोपाळरावांची पत्रे कधी मायेची असत आणि कधी जिव्हारी लागणारी. बायको परदेशात बिघडेल, बदलेल, आपल्याला विसरेल, असे संशय त्यांत असत. ज्याने पाठवले त्यालाच पाठवल्याची भीती वाटू लागली होती. आनंदीबाई प्रत्येक पत्राला उत्तर देत. काही उत्तरे नम्र आहेत, काहींत आपली बाजू ठामपणे मांडलेली आहे. आजारपण, अभ्यास आणि वर हे ओझे. शेवटी १८८५ साली गोपाळराव स्वतः अमेरिकेत पोचले. ठिकठिकाणी भाषणे करून त्यांनी अमेरिकन लोकांच्या चालीरीतींवर टीका केली, त्यामुळे बायकोच्या हितचिंतकांत अवघडलेपणही आले.

तरीही ही तीन वर्षे नुसती दुःखाची होती असे समजू नये. त्या कॉलेजात देशोदेशीच्या मुली होत्या. १८८५ च्या ऑक्टोबरात काढलेला एक फोटो प्रसिद्ध आहे. त्यात तिघी शेजारी शेजारी आहेत, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात: साडीतल्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली. तिघीही आपापल्या देशांतून पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी घेणाऱ्या पहिल्या स्त्रियांत मोडतात. माझ्या नातीला मी तो फोटो शोधून दाखवला. ती बराच वेळ पाहत बसली. तिच्या वर्गातही अर्ध्या जगातल्या मुली आहेत.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना एम.डी. ही पदवी मिळाली. त्यांनी प्रबंध लिहिला होता तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. पदवीदानाला पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या, गोपाळरावही हजर होते. बॉडलेबाईंनी ही बातमी व्हिक्टोरिया राणीला कळवली आणि राणीकडून अभिनंदनाचा निरोप आला. इकडे कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड इस्पितळातील बायकांच्या विभागाची प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक केली. ज्या कोल्हापुरातून ते पहिले पत्र गेले होते, तिथेच नोकरी ठरली.

पदवीनंतर अनुभवासाठी त्या बॉस्टनच्या एका बायकांच्या इस्पितळात गेल्या, पण तब्येतीने साथ दिली नाही आणि ते अर्ध्यावर सोडावे लागले. १८८६ च्या अखेरीस दोघे नवराबायको मायदेशी परतली. मुंबईत उतरल्यावर लोकांनी कौतुक केले. ज्यांनी बहिष्काराच्या गोष्टी केल्या होत्या त्यांतलेही पुष्कळ जण भेटायला आले. पण डॉक्टरीणबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. पुण्यात उपचार झाले, हवापालट झाला, कशाचा उपयोग झाला नाही. कोल्हापूरच्या इस्पितळात त्या एक दिवसही काम करू शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. पदवी मिळून एक वर्षही पुरे झाले नव्हते आणि वयाची बावीस वर्षेही.

त्यांची चरित्रे लगेच लिहिली गेली. अमेरिकेत कॅरोलाइन डॉल या बाईंनी १८८८ साली इंग्रजीत लिहिले, मराठीत काशीबाई कानिटकरांनी. १९६८ साली श्री. ज. जोशी यांची आनंदी गोपाळ ही कादंबरी आली आणि २०१९ मध्ये त्याच नावाचा चित्रपट. शुक्र ग्रहावरच्या एका विवरालाही त्यांचे नाव दिलेले आहे. कादंबरी आणि चित्रपट दोन्ही पाहण्यासारखी आहेत, पण मला विचाराल तर त्यांची पत्रे आधी वाचावीत. त्यांत गोपाळरावांची बायको कमी दिसते आणि फिलाडेल्फियाच्या खोलीत शेकोटीशी झुंजणारी विद्यार्थिनी जास्त दिसते.

अझैब्यात त्या संध्याकाळी हे सगळे मी जेवणानंतर सांगितले. पुतण्या म्हणू लागला की काका, तुम्ही पोरीला घाबरवता आहात. मी सांगितले, घाबरवत नाही, तक्ता पुरा करतो आहे. हल्ली बहुतेक विद्यापीठे आरोग्य विमा सक्तीने घ्यायला लावतात, तो फीच्या आकड्यात धरलेला असतो का, ते पाहायचे. खोलीत गरम हवेची सोय भाड्यातच आहे की तिचे पैसे वेगळे, ते पाहायचे. जेवणघरात आपल्या पोटाला चालेल असे रोज काही मिळते का, स्वतः रांधायला चूल आहे का, सुटीत वसतिगृह बंद झाले तर जायचे कुठे, हे विचारायचे. विद्यापीठाच्या आवारात सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करायची परवानगी परदेशी विद्यार्थ्याला असते, पण त्या कमाईवर फी भागेल असे धरून चालायचे नाही. नातीने नवे रकाने आखले. नॉर्थ डकोटा वरच्या ओळीतून दोन ओळी खाली गेले, कारण कोट, बूट आणि विमा धरल्यावर ते तेवढे स्वस्त राहिले नाही.

मग तिने विचारले की आनंदीबाईंचे दहन पुण्यात झाले, तर त्या मावशीला त्यांचे काय उरले. मी सांगितले की गोपाळरावांनी अस्थी अमेरिकेला पाठवल्या. कार्पेंटरबाईंनी न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी या गावी, आपल्या घराण्याच्या दफनभूमीच्या जागेत, त्या ठेवल्या आणि वर दगड बसवला. तो आजही आहे.

पकिप्सी हे नाव ऐकून पोरगी तक्त्याच्या तळाशी गेली. सगळ्यांत महाग ओळींतले वासार कॉलेज त्याच गावात आहे. आकडा पाहून तिने त्या ओळीकडे कधी लक्षच दिले नव्हते. आम्ही दोघांनी बसून त्या कॉलेजचे नियम वाचले. परदेशी विद्यार्थ्याला निवडतानाच त्याला किती मदत लागेल हे तिथे पाहिले जाते, त्यामुळे निवड कठीण आहे. पण एकदा निवडले की जेवढी गरज सिद्ध होईल तेवढी सगळी कॉलेज भागवते, मूल परदेशी असले तरी. रात्री साडेदहाला तिने त्या कॉलेजच्या कचेरीला पत्र लिहायला घेतले. पहिला मसुदा फार गोड झाला होता. दुसऱ्यात आपल्याला काय येत नाही तेही लिहिले. सकाळी बापाला दाखवून पाठवले, तेव्हा मी परतीच्या विमानासाठी बॅग भरत होतो.